पंधरा वेळा ॐ

२०२४ च्या गणेश चतुर्थीला ठाण्यात, नौपाड्यात माझ्या माहेरी गुरुजी पावणेसातला आले आणि सात वाजून पाच मिनिटांनी गेले. भाऊ जर्मनीला गेल्याचं ते पहिलं वर्ष, म्हणून पूजेला माझा नवरा बसला होता. गुरुजींना त्या सकाळी अजून कितीतरी घरं उरकायची होती. पिशवीतला फोन सारखा थरथरत होता. मी हाताशी बसून तबकातलं एकेक पुढे करत होते, पण माझं फूल देवापर्यंत पोचायच्या आत मंत्र पुढे गेलेला असायचा.

दक्षिणा घेऊन ते गेले. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "प्राणप्रतिष्ठा झाली का गं?"

"झाली की. म्हणत होते ना सगळं."

"मग ॐ कुठे ऐकू आले? पंधरा असतात. तुझ्या बाबांचे मी मोजायचे."

आमचा गणपती दीड दिवसाचा. बाबांनी चाळीस वर्षं पूजा स्वतः केली, पोथी समोर ठेवून, स्वच्छ आवाजात, कसलीही घाई न करता. ते गेल्यावर भावानं तीच पोथी उघडून केली. या सगळ्या वर्षांत आई पूजेला एकदाही बसलेली नाही. ती स्वयंपाकघरात असायची, सोवळ्यात, पुरणाच्या आणि मोदकांच्या मागे. पण पूजा तिला कानानं पाठ होती. घंटा वाजली की नारळाचं सारण गॅसवरून उतरायचं. दूध-दह्याचे मंत्र सुरू झाले की उकड मळायला घ्यायची. पत्रीची एकवीस नावं सुरू झाली की मोदकपात्र चढवायचं आणि धूप आला की खाली घ्यायचं. म्हणजे नैवेद्याला मोदक वाफाळता मिळायचा. आणि मध्ये एकदा, पंधरा ॐ ऐकू यायला लागले की हातातलं काम बाजूला ठेवून, असेल तिथे उभं राहून हात जोडायचे. तिच्या लेखी गणपती त्या क्षणी घरात यायचा.

त्या दीड दिवसात आई मूर्तीसमोर दर वेळी हात जोडत होती, पण काहीतरी अडल्यासारखं दिसत होतं. ती तोंडानं काही बोलली नाही. मला मात्र रात्री झोप लागली नाही. गुरुजींना मी बोल लावत नाही. एका सकाळी एका माणसानं डझनभर घरांत देव बसवायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण बाबांची पोथी कपाटात तशीच होती, आणि घरातलं एक माणूस रिकाम्या हातांनी बाजूला बसून तबक सरकवत होतं. ते माणूस मी होते.

घंटाळी देवीच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर एक काकू राहतात. वय सत्तरीच्या पुढे. पूजा सांगतात आणि शिकवतात. त्यांचं स्वतःचं शिक्षण पुण्यात झालं. शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, पुढे ज्ञान प्रबोधिनीतही तसे वर्ग सुरू झाले. बाई पूजा सांगायला आली याचं आता आपल्याकडे कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही. मी २०२५ च्या जून महिन्यात काकूंकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं, पोथी समोर ठेवतील आणि वाचायला लावतील. त्यांनी पोथी मिटून बाजूला ठेवली. पाटावर मूठभर तांदूळ, तांदळावर एक सुपारी. हा तुझा गणपती. पुढे ताम्हण, पळी, पंचपात्र.

"आधी हात शिकू देत," त्या म्हणाल्या, "तोंड मागून येतं."

पहिले पंधरा दिवस मी एकही मंत्र म्हटला नाही. आचमनाला तळहातावर किती पाणी घ्यायचं, तर उडदाचा एक दाणा बुडेल एवढं. देवाला पाणी बोटांच्या अग्रांवरून सोडायचं, ते देवतीर्थ. अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडलं तर ते पितरांचं. बाबांच्या वर्षश्राद्धाला भावाच्या हातून तसं सुटताना मी पाहिलं होतं, पण फरक कळला नव्हता. गंध अनामिकेनं. फूल देठ देवाकडे करून, तोंड वर. बेल पालथा. दूर्वा तीन किंवा पाच पात्यांची, कोवळी, अग्रं आपल्याकडे. अक्षता अखंड असाव्यात म्हणून मी रविवारी परातीत तांदूळ घेऊन कणी निवडत बसे, आणि माझी मुलगी समोर अभ्यास करता करता हळूच चार दाणे निवडून देई.

कासारवडवलीहून नौपाड्याला मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी यायचं म्हणजे घोडबंदर रोडवर दीड तास गेलाच. बसमध्ये मी उजव्या हाताची बोटं जुळवून न्यास, म्हणजे मंत्र म्हणत अंगाला कुठे कुठे बोटं लावायची ते, आठवत बसायची. शेजारची बाई कधी कधी माझ्या हाताकडे पाहायची.

मग तोंड. काकूंनी विचारलं, वेदोक्त शिकणार की पुराणोक्त? पोथीत प्रत्येक उपचाराला, म्हणजे पूजेतल्या एकेका सेवेला, दोन्ही मंत्र असतात. पुराणातले श्लोक सोपे, अनुष्टुभ छंदात, कानाला ओळखीचे. वेदोक्त म्हणजे पुरुषसूक्त, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त, त्याच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना वाटून दिलेल्या. मी म्हटलं, बाबा म्हणायचे तेच. म्हणजे पुरुषसूक्त.

पहिली ऋचा नीट यायला मला तीन आठवडे लागले. छापलेल्या पानावर 'सहस्रशीर्षा'मधल्या 'स'च्या खाली आडवी रेघ असते, 'ह' कोरा, 'स्र'च्या डोक्यावर उभी रेघ. आडवी रेघ आली की आवाज खाली, कोऱ्यावर सरळ, उभ्या रेघेवर वर. काकू हाताचा पंजा खाली-मध्ये-वर करत म्हणायला लावायच्या. मी 'ह'वर दाब द्यायची, त्या थांबवायच्या. पुन्हा. त्याच ऋचेचा शेवट आहे 'अत्यतिष्ठद्दशाङ्गुलम्'. सगळी भूमी व्यापून तो पुरुष दहा अंगुळं वर उरला. हे कळलं तेव्हा मी वही खाली ठेवली. एखाद्या माणसाबद्दल 'दशांगुळे उरला' असं आपण किती सहज म्हणतो. आजी म्हणायची, आई म्हणते. ते इथून आलंय! घरात रोजच्या वापरातल्या भांड्यावर कुणाचं तरी जुनं नाव कोरलेलं सापडावं तसं मला झालं.

एक शंका मात्र मला बरेच दिवस टोचत होती. ऋचेचा अर्थ आणि उपचार यांचा मेळ बसेना. फूल वाहताना म्हणायची ती दहावी ऋचा, 'तस्मादश्वा अजायन्त'. त्यापासून घोडे झाले, गाई झाल्या, शेळ्यामेंढ्या झाल्या. आणि मी वाहतेय जास्वंद. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, सोळा ऋचा आणि सोळा उपचार आहेत, म्हणून ते जोडले; प्रत्येक ठिकाणी शब्दाला शब्द शोधू नकोस, सूक्त अख्खं देवाला वाहायचं आहे, ते एकेक ऋचेनं वाहतेस असं धर. मला ते पटलं. तरी घोकताना दोन ठिकाणी माझं मन अडखळलं, आणि ते मला माझं सापडल्यासारखं वाटतं. नैवेद्याची ऋचा 'चन्द्रमा मनसो जातः', तिचा शेवट 'प्राणाद्वायुरजायत'. आणि लगेच हातानं घास भरवताना म्हणायचं प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय, उदानाय, समानाय. ऋचेतला प्राण घासात येतो. आणि प्रदक्षिणेच्या ऋचेत 'पद्भ्यां भूमिर्दिशः श्रोत्रात्' आहे. पायांपासून भूमी, कानांपासून दिशा. आमच्या हॉलमध्ये देवाभोवती फिरायला जागा नाही, स्वतःभोवतीच फिरावं लागतं, तेव्हा चारी दिशा खरोखर डोळ्यांसमोरून जातात.

'उपचार' हा शब्द आपण आता दवाखान्यापुरता ठेवला आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी दीड महिना तिच्याजवळ होते. खुर्ची पुढे करायची, पाय धुवायचे, चूळ भरायला पाणी द्यायचं, आंघोळ घालायची, लुगडं नेसवायचं, वेणी घालून एखादं फूल माळायचं, तिन्हीसांजेला दिवा लावून तिच्याजवळ बसायचं, जेवू घालायचं, हात धुवायला तांब्या. आसन, पाद्य, अर्घ्य, आचमनीय, स्नान, वस्त्र अशी यादी वहीत उतरवताना मला तो दीड महिना क्रमानं आठवत गेला. नैवेद्यानंतर देवाला हात धुवायला पाणी देतात, तोंड धुवायला देतात, आणि मग 'करोद्वर्तनार्थे चन्दनं समर्पयामि' म्हणून हाताला चोळायला चंदन देतात, जेवणाचा ओशटपणा जावा म्हणून. तुपाचे हात झालेत हे ज्यानं लक्षात ठेवलं, त्यानं कधीतरी कुणाला पोटभर जेवू घातलं असणार.

या सगळ्यात घरातून विरोध असा झाला नाही, पण आत्याचा फोन आला. डोंबिवलीची आत्या, बाबांची धाकटी बहीण. "अगं, लग्न झालेल्या लेकीनं माहेरचा गणपती बसवायचा? गोत्र कुठलं म्हणणार तू?" प्रश्न खरा होता. मला राग आला नाही, उलट मीच अडले होते. संकल्पात गोत्र उच्चारायचं असतं. माझं आता सासरचं. घर आणि गणपती बाबांचा.

काकूंनी उत्तर एका वाक्यात दिलं. "आई आहे ना? संकल्प आईचा, हात तुझे." यजमान आई. तिनं पाटाशेजारी खुर्चीवर बसून हातात पाणी-अक्षता घ्यायच्या, संकल्प सोडायचा, आणि पुढची पूजा मी तिच्या वतीनं करायची. असं प्रतिनिधीकडून करवून घेणं शास्त्राला धरूनच आहे. बाहेरचे गुरुजी यजमानासाठी जप, अनुष्ठान करतात तेही तसंच. आत्याला कळवलं. ती म्हणाली, "मग मी येते बघायला."

पत्री गोळा करणं ही एक वेगळीच मोहीम झाली. एकवीस पानं. तुळस, बेल, दूर्वा, आघाडा, रुई, कण्हेर, डाळिंब या मिळतात. तुळस एरवी गणपतीला वाहत नाहीत, या एका दिवशी वाहतात. धोतरा सोसायटीच्या मागच्या भिंतीला सापडला. अर्जुनाचं झाड मी रोज ज्याच्याखालून बस पकडते तेच निघालं. चार वर्षं मी त्याच्या सावलीत उभी राहिले आणि नाव माहीत नव्हतं. बाकीच्यासाठी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी जांभळी नाक्याला गेले. मुरबाड, शहापूरकडच्या बायका फुटपाथवर गोणपाट टाकून पत्रीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. पाऊस भुरभुरत होता, पानांवरून पाणी ओघळत होतं. एका मावशींना मी यादी वाचून दाखवली. बृहती म्हटल्यावर त्या गप्प. 'डोरली' म्हटल्यावर हसून गोणपाटाच्या कोपऱ्यातून काढून दिली, आणि पानाच्या शिरेवर काटे असतात ते बोट लावून दाखवले. मरवा, माका, विष्णुक्रांता, हादगा त्यांच्याकडेच मिळाला. केवड्याचं एक पान शेजारच्या फुलवाल्याकडे, चांगलं महाग. शमी मैत्रिणीच्या अंगणातली. देवदार काही मिळालं नाही, ते हिमालयाकडचं झाड. जे नसेल त्याच्या जागी अक्षता. पोथीत तशी सोय आहे, आणि बाबांनी तिथे समासात पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं होतं: 'देवदार – अक्षता.'

त्या पोथीच्या समासात बाबांच्या अशा नोंदी जागोजाग आहेत. 'तूप वितळवून आधी वाटीत काढणे.' 'कापसाचे वस्त्र दोन.' '१९९१ – जानवे विसरलो, शेजारून आणले.' त्याखाली भावाच्या निळ्या शाईत, '२०१८ – दूर्वा मोजून २१.'

२७ ऑगस्ट २०२५, बुधवार. मूर्ती पेणची, शाडूची, नऊ इंचांची. पूजेला आम्ही आठला बसलो. मुहूर्ताची घाई नव्हती; आमच्या ठाण्याचेच पंचांगकर्ते दा. कृ. सोमण दरवर्षी सांगतात की त्या दिवशी पहाटेपासून मध्यान्हापर्यंत केव्हाही पूजा करावी. आत्या सोफ्यावर, मुलगी तबकाशी, नवरा दारावर तोरण बांधून माझ्या मागे बसलेला. आई खुर्चीवर, हातात पाणी.

संकल्प मी सांगत होते आणि आई म्हणत होती. "श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वन्तरे, कलियुगे प्रथमचरणे..." काळ असा मोठ्यातून लहानात उतरत येतो, आणि जागाही. "जम्बुद्वीपे, भरतखण्डे, दण्डकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहनशके १९४७, विश्वावसुनामसंवत्सरे, दक्षिणायने, वर्षाऋतौ, भाद्रपदमासे, शुक्लपक्षे, चतुर्थ्यां तिथौ, सौम्यवासरे." खिडकीबाहेर गोखले रोडचा हॉर्न वाजत होता, आणि आम्ही दंडकारण्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसलो होतो. आईनं गोत्र म्हटलं, बाबांचं, जे तिचंही आहे. पाणी ताम्हणात सोडलं. मग खुर्चीचा हात धरून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी बस म्हटलं, पण ती म्हणाली, "मोदक कोण करणार?"

आसनशुद्धी, न्यास झाले. कलशाची पूजा करताना त्यातल्या पाण्यात सात नद्यांना बोलावतात: गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. आमच्या नळाला भातसा आणि उल्हासचं पाणी. शिकत असताना मी काकूंना म्हटलं होतं, यांचं नाव कुठेच नाही. त्या म्हणाल्या, पाणी त्यांचंच आहे ना, त्या आधीच आल्या आहेत. ज्या लांब आहेत त्यांना हाक मारायची. त्या दिवशी कलशावर हात ठेवताना मी मनात सातांच्या आधी त्या दोघींची नावं घेतली. शंख, घंटा, दीप. घंटा वाजली तशी आतून कढई उतरल्याचा आवाज आला.

मग प्राणप्रतिष्ठा.

शाडूची मूर्ती पावसाळ्यात गार असते. उजव्या हाताची बोटं मी मूर्तीच्या हृदयावर ठेवली तेव्हा तो गारवा आधी लागला, मग रंगाचा किंचित खरखरीतपणा. मंत्र लांब आहे. त्याचे ऋषी ब्रह्मा, विष्णू, महेश्वर. छंद चारही वेद. मग आं, ह्रीं, क्रौं आणि एकेक अक्षर य-र-ल-व पासून. या मूर्तीचे प्राण इथे येवोत, जीव इथे येवो, वाणी, मन, डोळे, कान, नाक, सगळी इंद्रियं इथे येऊन सुखानं राहोत. 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु अस्यै प्राणाः क्षरन्तु च.' काकूंनी बजावलं होतं, इथे वाचू नकोस, पाठ म्हण, डोळे मूर्तीवर असू देत. माझा आवाज मध्ये एकदा भरून आला आणि मी थांबले. घाई कसलीच नव्हती. श्वास घेतला आणि पुढे म्हटलं.

आणि त्यानंतर ते पंधरा. गर्भाधानापासूनचे पंधरा संस्कार या मूर्तीवर व्हावेत म्हणून पंधरा वेळा प्रणव. एवढा मोठा जन्म, बारसं, उष्टावण, मुंज, सगळं एकेका ॐ मध्ये. माणसाला ज्याला वर्षं लागतात ते देवासाठी आपण पंधरा श्वासांत करतो. मी हात तसाच ठेवून सुरू केलं. पहिला, दुसरा. सावकाश, एका श्वासाला एक. स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली होती. पाचव्या-सहाव्याला मला मागे पायांची चाहूल लागली. मान वळवायची नव्हती. मुलीनं नंतर सांगितलं, आजी दारात उभी होती, हाताला उकड लागलेली, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढे सरकत होता. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा, मग पुन्हा पहिल्या बोटाची तीन. पंधराव्याला तिचा अंगठा थांबला. तिनं तशाच उकडीच्या हातांनी नमस्कार केला आणि आत गेली. मला फक्त मोदकपात्रात पाणी ओतल्याचं ऐकू आलं.

दोन दूर्वा तुपात बुडवून मूर्तीच्या डोळ्यांना लावल्या, आधी उजव्या, मग डाव्या. 'तच्चक्षुर्देवहितं शुक्रमुच्चरत्. पश्येम शरदः शतम्.' शंभर शरद पाहू दे, शंभर शरद जगू दे. दूर्वेच्या टोकावरून तुपाचा बारीकसा थेंब बुबुळावर राहिला आणि समईचा उजेड त्यात आला. आत्या सोफ्यावरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसली.

पुढची पूजा सोपी वाटली, कारण हात शिकलेले होते. स्नानाचे पाणी आणि पंचामृत शाडूवर ओतायचं नसतं. फुलानं शिंपडायचं आणि अभिषेक ताम्हणातल्या सुपारीवर. दूध, दही, तूप, मध, साखर, प्रत्येकाचा मंत्र वेगळा, प्रत्येकानंतर शुद्धोदक. अथर्वशीर्ष सगळ्यांनी मिळून म्हटलं. कापसाची वस्त्रं, जानवं, गंध, फुलं. अंगपूजा पायांपासून डोक्यापर्यंत. मग 'सुमुखाय नमः, मालतीपत्रं समर्पयामि', तिथून एकवीस. मुलगी पान हातात देण्याआधी मराठी नाव हळूच पुटपुटायची, मधुमालती, माका, बेल, डोरली. डोरलीचा काटा माझ्या अंगठ्याला लागला. देवदाराला अक्षता.

एक चूक झाली. नैवेद्य दाखवला, पाण्याचा चौकोन काढला, पाच प्राणांना घास दिले, मध्ये प्यायला पाणी दिलं, आणि मी थेट विड्याकडे हात नेला. आतून आईचा आवाज आला, "हात धुवायला दिलंस का?" मी थांबून पळीनं पाणी सोडलं. उत्तरापोशन, हस्तप्रक्षालन, मुखप्रक्षालन. मग अनामिकेनं चंदन. पुस्तकात वाचून मला जे इतकं आवडलं होतं नेमकं तेच मी विसरले होते, आणि जी कधी पूजेला बसली नाही तिला ते आठवत होतं.

आरत्या, मंत्रपुष्पांजली. 'आवाहनं न जानामि' म्हणताना सगळ्यांचे आवाज एकदम खाली आले. घड्याळात दहाला दहा कमी होते.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. दुपारी चारला उत्तरपूजा केली: गंध, फूल, धूप, दीप, दहीपोह्याचा नैवेद्य. 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्' म्हणून अक्षता वाहिल्या आणि दोन्ही हातांनी मूर्ती पाटावर जराशी उत्तरेकडे सरकवली. प्राणप्रतिष्ठेला एवढा लांब मंत्र, आणि निरोपाला हा एक श्लोक. त्याचा शेवट 'पुनरागमनाय च' असा आहे. आईनं मूर्तीच्या हातावर दही ठेवलं. बाबा गावाला निघाले की ठेवायची तसंच.

महापालिकेच्या कृत्रिम तलावावर रांग होती. तिथल्या मुलानं मूर्ती हातात घेतली, मी दोन पावलं त्याच्याबरोबर पाण्याच्या कडेपर्यंत गेले. तीन वेळा बुडवून चौथ्यांदा त्यानं सोडली. येताना काठाजवळची चिमूटभर ओली माती पाटावर घेतली. घरी आल्यावर त्या पाटाची आरती झाली आणि माती आईनं तुळशीच्या कुंडीत टाकली.

रात्री भावाचा फोन आला. त्याला सगळं ऐकायचं होतं, कोण आलं, मोदक किती झाले. आई त्याच्याशी बोलत होती. मी पोथी पुसून लाल फडक्यात बांधायला घेतली, आणि मग थांबून पेन्सिल शोधली. नैवेद्याच्या पानावर, बाबांच्या तुपाच्या नोंदीखाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं: '२०२५ – हात धुवायला पाणी. आईनं आठवण केली.'